गोळीच्या आधी चाचणी: जी६पीडीची कमतरता आणि हिवतापाचा उपचार

१९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात जी६पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज) या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, एक नवा प्रकार आढळल्याची नोंद जनुकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि त्या प्रकाराला ‘जी६पीडी कल्याण’ असे नाव देण्यात आले. त्याआधी १९६८ मध्ये ‘जी६पीडी केरळ’ नावाचा प्रकार नोंदवला गेला होता, आणि विकराच्या गुणधर्मांवरून हे दोन्ही प्रकार वेगळे मानले जात होते. पुढे डीएनएचा क्रम वाचता येऊ लागल्यावर दोहोंतला बदल एकच असल्याचे दिसले: प्रथिनाच्या साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी लायसिन आलेले आहे. तेव्हापासून हा प्रकार ‘केरळ-कल्याण’ या जोडनावाने ओळखला जातो. हिवतापाविषयीच्या जागतिक साहित्यात आपल्या कल्याणचे नाव असे कायमचे नोंदले गेले आहे, आणि मला वाटते ही गोष्ट आपल्याकडे जितक्या लोकांना माहीत असायला हवी तितक्यांना ती नाही.

तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते आणि मायटोकॉन्ड्रियाही नसतात. ऑक्सिडीकरणामुळे होणाऱ्या हानीपासून स्वतःला वाचवण्यासाठी तिला जी६पीडी या विकराच्या मार्गावरच अवलंबून राहावे लागते. विकर कमी पडला तरी एरवी माणसाला काही जाणवत नाही, तो आयुष्यभर ठणठणीत राहू शकतो. मात्र काही औषधांनी (हिवतापावरचे प्रायमाक्विन हे त्यांतले एक), काही संसर्गांनी किंवा बाकल्याच्या शेंगांनी पेशींवर ताण आला की त्या फुटू लागतात, लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर जिवावर बेतते. हा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलग्याला तो आईकडूनच मिळतो आणि सदोष जनुकाचा पूर्ण परिणाम पुरुषांत अधिक वेळा दिसतो.

हे ज्ञान ज्या मार्गाने मिळाले तो मार्ग विसरू नये. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून कैद्यांवर हिवतापविरोधी औषधांचे प्रयोग होत होते. प्रायमाक्विन दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या रक्तपेशी फुटत असल्याचे तेथे दिसले. १९५४ च्या सुमारास डर्न, बॉयटलर आणि अल्व्हिंग या संशोधकांनी पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण लावून त्या अदलाबदलीने दुसऱ्यांच्या शरीरात सोडल्या. संवेदनशील व्यक्तीच्या पेशी दुसऱ्याच्या शरीरातही फुटल्या, आणि इतरांच्या पेशी संवेदनशील व्यक्तीच्या शरीरात टिकल्या. दोष शरीरात नसून पेशीतच आहे, हे त्यातून सिद्ध झाले. जुन्या पेशी आधी नष्ट होतात आणि नव्या तग धरतात, हेही तेव्हाच कळले. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी या दोषाचे मूळ जी६पीडीच्या कमतरतेत असल्याचे दाखवले. प्रयोगाची मांडणी अप्रतिम होती, पण कोठडीत असलेल्या माणसाची संमती किती मुक्त असू शकते हा प्रश्न त्या मांडणीने सुटत नाही. आज आपण ज्या ज्ञानावर उभे आहोत त्याचे ऋण त्या निनावी कैद्यांकडेही जाते.

आता प्रायमाक्विनच का, हे सांगायला हवे. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचे परजीवी रक्तातून गेले तरी त्यांचे काही सुप्त रूप यकृतात दडून बसते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी नव्याने ताप आणते. ही सुप्त रूपे मारणारी औषधे फार थोडी आहेत, आणि प्रायमाक्विन हे आज वापरात असलेल्यांपैकी सर्वांत जुने व स्वस्त. भारतात जी६पीडीच्या भीतीमुळे अनेक दशके ते पाचच दिवस दिले जात असे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच दिवसांच्या उपचाराने ताप उलटणे थांबत नाही, चौदा दिवसांच्या उपचाराने थांबते, असे दिसून आले. पुढे राष्ट्रीय धोरणातही चौदा दिवस आले. म्हणजे अपुऱ्या मात्रेने ज्यांना वाचवायचे होते त्यांचीही नीट सोय झाली नाही, आणि बाकीच्यांचा हिवतापही उलटत राहिला. धोक्याला घाबरून औषध कमी करणे हे चाचणीला पर्याय ठरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

चाचणी कोणाची करायची, हा प्रश्न जनुकीय साथरोगशास्त्राचा. ऑक्सफर्डच्या मलेरिया अ‍ॅटलस प्रकल्पातील रोझालिंड हाउझ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जगभरातील सर्वेक्षणे एकत्र करून नकाशा तयार केला. हिवतापग्रस्त देशांत या दोषाच्या जनुकाचे प्रमाण सरासरी ८ टक्के निघाले. त्याचा अर्थ सुमारे २२ कोटी पुरुष आणि १३ कोटी स्त्रिया. भारतात मात्र देशभराची सरासरी फारशी उपयोगाची नाही, कारण एका समाजात जवळजवळ शून्य आणि शेजारच्या दुसऱ्या समाजात पाचात एक अशी तफावत येथे आढळते. मुंबईतील संशोधकांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईतील नमुन्यांवरून आणि विशेषतः पारशी समाजातील नमुन्यांवरून हे दाखवले होते. पुढे मुंबईच्याच इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने २००४ मध्ये दोष असलेल्या भारतीयांचे डीएनए तपासले तेव्हा सुमारे ६० टक्के प्रकार मेडिटरेनियन, सुमारे २४ टक्के केरळ-कल्याण आणि सुमारे १३ टक्के ओडिशा हे निघाले. ओडिशा हा प्रकार १९९५ मध्ये आदिवासी समाजांत वर्णिला गेला होता. मेडिटरेनियन प्रकारात विकराचे कार्य अगदी कमी उरते, म्हणून तो अधिक त्रासदायक.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. समाजानुसार प्रमाण वेगळे असते, म्हणून समाजावरून माणसाची चाचणी होते असे समजणे चुकीचे आहे. आकडे धोरण आखायला उपयोगी पडतात, समोरच्या रुग्णाला गोळी द्यावी की नाही हे त्याच्या रक्ताचा थेंबच सांगू शकतो. ‘अमुक समाजात हा दोष असतो’ हे वाक्य एकदा रूढ झाले की त्या समाजावर शिक्का बसतो, आणि ज्यांच्यावर शिक्का नाही त्यांची तपासणी राहून जाते.

इतका घातक वाटणारा दोष इतक्या लोकांत टिकला तरी कसा, याचे लोकप्रिय उत्तर हिवतापापासून संरक्षण हे आहे. १९९५ मध्ये गाम्बिया आणि केनियातील दोन हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासात आफ्रिकेत सर्रास आढळणाऱ्या प्रकाराच्या वाहकांना गंभीर हिवतापाचा धोका ४६ ते ५८ टक्के कमी असल्याचे दिसले होते. मात्र डॉमिनिक क्वियाटकोव्हस्की यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मलेरियाजेन या आंतरराष्ट्रीय जाळ्याने ११ हजारांहून अधिक गंभीर आजारी मुलांची माहिती एकत्र केल्यावर २०१७ मध्ये चित्र गुंतागुंतीचे निघाले. विकर जितका कमी, तितका मेंदूच्या हिवतापाचा धोका कमी, पण हिवतापामुळे होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा धोका जास्त. संरक्षण आणि हानी एकाच जनुकाच्या दोन बाजू निघाल्या. अनेक देशांतील नमुने एकत्र आल्याशिवाय हे दिसले नसते, आणि जागतिक सहकार्याचा खरा फायदा मला येथे दिसतो.

तोच धडा औषधाच्या बाजूने अधिक महागात शिकावा लागला. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांचे मिश्रण असलेले लॅपडॅप हे औषध आफ्रिकेसाठी स्वस्त पर्याय म्हणून आणले गेले आणि २००३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. डॅप्सोनमुळे जी६पीडी कमी असलेल्यांच्या पेशी फुटतात हे आधीच माहीत होते. तरी त्याचा विस्तार मोठ्या चाचण्यांत लक्षात आला आणि २००८ मध्ये औषध मागे घ्यावे लागले. हेच डॅप्सोन कुष्ठरोगाच्या बहुऔषधी उपचारात आपल्याकडे रोज दिले जाते, हे ध्यानात ठेवायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित गट मात्र स्त्रियांचा. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते, आणि बॉयटलर यांनी जी६पीडीचाच उपयोग करून वाहक स्त्रीच्या (जिच्यात एक जनुक सदोष व एक निर्दोष असतो) रक्तात सदोष व निर्दोष अशा दोन प्रकारच्या तांबड्या पेशी एकत्र असतात हे दाखवले. त्यामुळे दोन वाहक बहिणींमध्ये विकराचे कार्य अगदी वेगळे असू शकते. रंगावरून हो किंवा नाही सांगणाऱ्या जुन्या चाचण्या नेहमीच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी कार्य असलेल्यांनाच पकडतात. पण २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालेल्या, हिवताप उलटू नये म्हणून एकाच मात्रेत पुरणाऱ्या टॅफेनोक्विन या औषधासाठी ७० टक्के कार्य लागते. मधल्या पट्टीतल्या स्त्रिया जुन्या चाचणीत ‘सामान्य’ म्हणून सुटतात आणि या औषधाने आजारी पडू शकतात. शिवाय रुग्णाच्या पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर उरलेल्या नव्या पेशींत विकर जास्त असल्याने चाचणीचा निकाल खोटा चांगला येतो, म्हणून ती केव्हा केली हेही लिहून ठेवले पाहिजे.

यावर उपाय म्हणून हातात मावणारे यंत्र आले आहे. बोटाला टोचून घेतलेला दहा मायक्रोलिटर रक्ताचा थेंब मिश्रणात घालून पट्टीवर सोडला की दोन मिनिटांत हिमोग्लोबिन आणि विकराचे प्रमाण असे दोन्ही आकडे मिळतात. ब्राझीलमध्ये मनाउस आणि पोर्तो व्हेल्यो या शहरांत २०२१-२२ मध्ये सामान्य आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही चाचणी करून टॅफेनोक्विन देण्याचा अभ्यास झाला, त्यातून हे काम सरकारी यंत्रणेत सुरक्षितपणे चालते असे दिसले, आणि २०२३ मध्ये ते औषध तेथील सार्वजनिक व्यवस्थेत आले. २०२४ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने अशा चाचणीला पूर्वमान्यताही दिली.

गडचिरोलीत आशा कार्यकर्ती आजही बोटावर टोचून हिवतापाची जलद चाचणी करते आणि गोळ्या घरी पोहोचवते, म्हणून त्याच हाताने जी६पीडीची चाचणी होणे अवघड नाही. अडचणी आहेत त्या साध्या, पण खऱ्या. पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवाव्या लागतात आणि विदर्भातला मे महिना त्याला जुमानत नाही. यंत्राची मानके वेगवेगळ्या भारतीय समाजांतल्या निरोगी माणसांवर पुन्हा तपासावी लागतील. दोष आढळलेल्या रुग्णाला आठवड्यातून एकदा असे आठ आठवडे प्रायमाक्विन देण्याची सोय आहे, पण आठ आठवडे त्याच्या घरी जाणार कोण, हे ठरवावे लागेल. आणि निकाल रुग्णाजवळ मराठीत लिहिलेल्या कार्डावर राहिला, तर पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात हिवतापावर किंवा कुष्ठरोगावर औषध लिहिताना त्याचा उपयोग होईल. लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद करून लगेच केंद्रात यावे, हे वाक्य त्याच कार्डावर, ठळक अक्षरांत छापले जावे.