आमची वाटचाल: रजई सोपी, नाडी अवघड

मालवणात आमचं काम मुळात जाळ्यांचं. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या वर ओढल्या जातात आणि फाटकी जाळी आमच्या पडवीत येऊन पडतात. उरलेल्या दोरीचे हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून झोपायचे झोळे, विणायला लागलो, ते होमस्टेवाल्यांनी माडांना बांधायला नेले. पुढे पर्यटक कापडी, सॅकमध्ये मावणारे हॅमॉक मागू लागले, म्हणून दोन शिलाई मशिनी घेतल्या. इथवर सगळं सरळ होतं.

अडलं ते पुण्याच्या एका गिऱ्हाइकापाशी. जानेवारीत तो आमचा हॅमॉक घेऊन आंबोलीला राहिला आणि परत आल्यावर फोन केला, "स्लीपिंग बॅग होती हो, तरी पाठ गारठली." ऊब देते ती भरावात अडकलेली हवा. अंगाखाली भराव चेपला की ती हवा गेली, आणि हॅमॉकखालून तर वारा मोकळाच. म्हणून रजई आत घ्यायची नाही, बाहेरून खाली टांगायची. तिला अंडरक्विल्ट म्हणतात, हेही आम्हाला त्यानंच सांगितलं.

रजई दोन दिवसांत शिवून झाली. टांगण्यात दोन हिवाळे गेले.

आधी चार कोपऱ्यांना नायलॉनची दोरी बांधली. माणूस आडवा झाला की हॅमॉक खाली बसतो, दोरी मात्र ताणत नाही. मग रजई एक तर पाठीला दाबून चपटी, नाहीतर मध्ये चार बोटं फट. फट राहिली की रजई असून नसल्यासारखी. परकराचं इलास्टिक आठवड्यात ढिलं पडलं. स्कूटरवर सामान बांधायची हूकवाली रबरी दोरी लावली, तर तिनं रजईची पोळी केली. शेवटी टांगायची अख्खी नाडीच बारीक शॉककॉर्डची, म्हणजे आत रबर आणि वरून वीण असलेल्या ताणत्या दोरीची घातली. ऊब आली, पण कूस बदलली की रजई एका बाजूला घसरायची.

आमच्याकडे जाळी विणणारे तात्या हे सगळं बघत होते. म्हणाले, "सगळी दोरी रबराची कित्याक? टोकाक थोडी पुरे."

आता आम्ही तसंच करतो. रजईच्या दोन्ही लांब कडांना नेफा शिवतो आणि त्यात सेफ्टीपिन लावून साधी दोरी ओवतो, सलवारीत नाडी ओवतात तशी. डोक्याशी आणि पायांशी दोन्ही दोऱ्या त्रिकोणात एकत्र येतात. तिथे वीतभर शॉककॉर्ड, तीन मिलिमीटरची, आणि हॅमॉकच्या फासात अडकवायला हूक. लांबी सरकत्या गाठीनं कमीजास्त होते. रजईच्या दोन्ही तोंडांना वेगळी नाडी, तिच्यावर जर्किनच्या टोपीला असतं तसलं स्प्रिंगचं बटण. तोंडं आवळली नाहीत तर वारा तिथूनच शिरतो. शॉककॉर्ड कापली की टोक लायटरनं वितळवून घ्यायचं, नाहीतर वरची वीण उसवून आतलं रबर बाहेर येतं.

तपासायचं कसं? मालवणात थंडी कुठली! बंदरावरून बर्फाची लादी आणली, हॅमॉकखाली ठेवली, टेबलफॅन लावला आणि धाकट्या भावाला झोपवलं. हात घालून बघितलं: तळहात रजई आणि पाठ दोन्हींना टेकला पाहिजे, पण दाबला जाता कामा नये. भाऊ अर्ध्या तासात घोरायला लागला, तेव्हा माप पक्कं केलं.

नुकसानही झालं. लोखंडी हूक एका पावसाळ्यात गंजले आणि रजयांवर तांबडे डाग पडले. एका दुकानानं जुनी शॉककॉर्ड गळ्यात मारली, ती दोन महिन्यांत ताण धरेना. पंधरा रजया परत घेतल्या. भरावाच्या गुंडाळ्या ओल्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या, त्यांना बुरशी आली. ती चूक सर्वस्वी माझी. आता सगळा माल माळ्यावर.

सध्या रजईपेक्षा नुसता नाडीचा संच जास्त जातो. लोक घरच्या रजईला नेफा शिवून घेतात. एक अडचण राहिलीय: हॅमॉकमध्ये माणूस तिरका झोपतो, त्यामुळे पायांकडचा एक कोपरा उघडा पडतो. गणपतीनंतर तिरकी कापलेली रजई करून बघणार आहोत. बर्फाची लादी सांगून ठेवलीय, भाऊ अजून तयार नाही.