एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला

संशोधनाचा पेपर लिहिण्याबद्दल माझी तक्रार नाही. आधी पद्धत, मग निष्कर्ष, मग चर्चा, प्रस्तावना त्यानंतर आणि गोषवारा सगळ्यात शेवटी, असा उलटा क्रम धरला की खर्डा होतो. संदर्भ झोटेरोत, म्हणजे संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते, त्यामुळे यादीची कटकट नव्हती. जर्नलला पाठवला. त्यांच्या पोर्टलवर महिनोन्महिने ‘अंडर रिव्ह्यू’ आणि मग मेल: मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा.

पेपर तपासणारे रिव्ह्यूअर दोन. पहिल्याला साहित्याचा (विषयावरच्या आधीच्या संशोधनाचा) आढावा त्रोटक वाटला, दुसऱ्याला पाल्हाळ. आढावा एकच! एकाला मुलाखतींतली अवतरणं वाढवून हवीत, दुसऱ्याला निम्मी काढून. शब्दमर्यादा 8000 आणि पेपर आधीच काठोकाठ. बरं, संपादकांचं पत्र काय? ‘रिव्ह्यूअरच्या सूचना लक्षात घेऊन सुधारित लेख पाठवावा.’ अहो, कोणाच्या? दोघांत निवाडा करायचा कोणी? तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी तक्ता केला. रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं एका रकान्यात, माझं उत्तर दुसऱ्यात, बदल कुठे केला ते तिसऱ्यात. मनातली खरी उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये लिहिली; ती कोणाला पाठवायची नसतात, पण लिहून काढल्यावर डोकं थंड होतं. परस्परविरोधी मुद्दे बाजूला काढून संपादकांना मेल टाकला. ‘काय करू?’ असं विचारलं नाही. ‘मी असं करणार आहे, हरकत असल्यास कळवा,’ असं लिहिलं. एका ओळीत होकार आला. आधीच्या पत्रात हीच ओळ घालायला काय झालं होतं?

आढाव्याचं कोडं मात्र तक्त्यामुळेच सुटलं. दोन्ही शेरे शेजारी ठेवून तो परिच्छेद वाचला. अमुक असं म्हणतात, तमुक तसं म्हणतात, अशी ओळीने माणसं उभी होती. कोणाचं कोणाशी कुठे पटत नाही, त्यानुसार मांडणी बदलली. मजकूर आखूड झाला आणि त्रोटकही वाटेना.

दुसऱ्या रिव्ह्यूअरने काही पेपर ‘अवश्य उद्धृत करा’ म्हणून सुचवले होते, सगळ्यांत एक लेखक सामाईक. जो पेपर कामाचा होता तो घेतला, बाकीच्यांना कारण देऊन नकार दिला. सगळं मान्य करावंच लागतं असं नाही. उत्तर मात्र प्रत्येक मुद्द्याला द्यावं लागतं.

हो, तिसऱ्या रकान्यातले ओळक्रमांक अगदी शेवटी भरा, मजकूर हलला की ते सगळे चुकतात. ट्रॅक चेंजेसची, म्हणजे केलेले बदल दिसणारी प्रत आणि स्वच्छ प्रत, दोन्ही तयार ठेवा. आणि हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: परीक्षण डबल-ब्लाइंड असेल, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळू द्यायची नसतील, तर ऋणनिर्देश वेगळ्या शीर्षकपानावर न्या आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं स्वतःचं नाव पुसा.

दुसऱ्या फेरीत पहिला रिव्ह्यूअर खूश होता. दुसऱ्याने पेपरातल्या एका तक्त्याचं शीर्षक बदलायला सांगितलं. बदललं, निमूटपणे.