उसळी नेमकी कुठून येत होती

नाशिकमध्ये सायकल दुरुस्तीच्या दुकानात फुल सस्पेन्शनची (दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली) फॅट बाइक, म्हणजे खूप जाड टायरची सायकल, येणे ही तशी दुर्मीळ गोष्ट आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हा शहरभर सायकलीची चर्चा झाली. पण आमची बहुतेक गिऱ्हाइके आजही डांबरी रस्त्यावरची, बारीक टायरवालीच आहेत. त्यामुळे गिरणारे भागातले एक द्राक्ष बागायतदार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, पिकअपमध्ये चार इंची टायरची सायकल घालून आले, तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवले. परदेशात राहणाऱ्या पुतण्याने ती त्यांना दिली होती.

“भाऊ, उतारावर मागचं चाक मला सीटवरून उडवतं. शॉकअप गेलंय म्हणतात,” नाना म्हणाले. आधी दाखवलेल्या एका दुकानात त्यांना मागचा शॉकअप बदलण्याचा सल्ला मिळाला होता, आणि त्याच्या किमतीत इथे एक बरी नवी सायकल आली असती.

शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ नव्हता, ओरखडा नव्हता, आणि रिबाउंडचे (दबल्यावर परत उघडण्याचा वेग ठरवणारे) लाल बटण फिरवले की परतीचा वेग ठरल्याप्रमाणे बदलत होता. हवा मात्र फारच कमी होती. नाना सायकलवर बसले की शॉकअप जवळजवळ निम्मा दबत असे. वास्तविक पंचवीस ते तीस टक्के दबणे पुरे असते. ‘मऊ व्हावा’ म्हणून हवा त्याच दुकानात काढली होती. मग टायर अंगठ्याने दाबून पाहिला, तो हलेना. आमच्या उभ्या पंपाचा काटा १६० पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचे माप) जातो, त्यामुळे तळाच्या आकड्यांना तो नुसता अंदाज सांगतो. कमी दाबाच्या डिजिटल गेजवर मागे २६ आणि पुढे २४ पीएसआय भरले. टायरच्या कडेवर कमाल ३० छापलेले असल्याने नानांच्या हिशेबी तर हवा कमीच होती.

या सायकलींचे मूळ बर्फात आणि वाळूत आहे. सर्ली कंपनीची पग्सली ही २००५ च्या सुमाराची सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेल्या पहिल्या फॅट बाइकांपैकी एक. तिला सस्पेन्शन नव्हते, कारण पाच-दहा पीएसआयवर चालणारा टायर हेच तिचे सस्पेन्शन होते. पुढे २०१४ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा ब्लूटो हा या टायरांसाठीचा फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा चिमटा) आणि सालसा कंपनीची बकसॉ ही दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली सायकल आली. अशा सायकलीत एकामागे एक दोन स्प्रिंगा काम करतात. शॉकअपमधल्या स्प्रिंगेला तेलाचा लगाम असतो. बारीक छिद्रांतून जाणारे तेल उसळीतली ऊर्जा शोषून घेते. टायरमधल्या हवेला असा लगाम जवळजवळ नसतोच, म्हणून दगडाने दिलेला धक्का ती बराचसा तसाच परत करते. टायरची उसळी शॉकअपमध्ये फेरफार करून शमवता येत नाही, आणि नेमके तेच आधी केले गेले होते.

हे नानांना दुकानात पटले नाही, आणि पटायला हवे होते असेही नाही. म्हणून आम्ही त्यांच्या बागेमागच्या मुरमाच्या उतारावर गेलो. खाली कोरडा ओहोळ आहे आणि त्यात काळे धोंडे पसरलेले आहेत. मी शॉकअपचा लीव्हर फिरवून तो लॉक केला आणि त्यांना एकदा खाली जाऊन यायला सांगितले. ते आले आणि म्हणाले, “आधीसारखंच उडवतं.” शॉकअप जवळजवळ बंद असतानाही उसळी तीच असेल, तर ती त्याची नव्हे. मग लीव्हर उघडून, शॉकअपमध्ये हवा भरून दबणे योग्य जागी आणले आणि टायर मागे १० व पुढे ८ पीएसआयवर उतरवले.

या वेळी ते ओहोळ ओलांडून पलीकडच्या बांधापर्यंत गेले. परत आल्यावर दम खात म्हणाले, “ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला वावरात मीच बारा-पंधरा ठेवतो, आणि हिला सव्वीस भरून बसलो होतो.” मला अर्धा तास लावून जे सांगता आले नव्हते, ते त्यांनी स्वतःच सांगून टाकले.

हवा आणखी कमी केली तर आणखी बरे, असे मात्र नाही. उत्साहाने त्यांनी पुढच्या चाकात सहा पीएसआय करून पाहिली, तर वळणावर हँडल स्वतःहून आत ओढू लागले आणि एका धोंड्यावर रिम वाजली. आत ट्यूब होती. बसाल्टच्या धारदार कडेवर इतक्या कमी हवेची ट्यूब रिमखाली चिमटून फाटायला वेळ लागत नाही. आम्ही पुन्हा आठवर आलो.

सायकलच्या मागच्या भागातून कुरकुरही येत होती. ती मात्र अजून थांबली नव्हती, आणि तिचे कारण वेगळे निघाले. मागचे चाक आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या काड्यांचे बोल्ट काढले तेव्हा खालचे बेअरिंग हाताने फिरेना. ग्रीसच्या जागी लालसर चिखल होता. नाना सायकल फवारणीच्या जास्त दाबाच्या एचटीपी पंपाच्या धारेने धूत असत. ती धार सीलच्या आत पाणी आणि मुरमाची पूड ढकलते. ती बेअरिंगे मी बदलली आणि यापुढे बादली व फडके वापरायला सांगितले.

बांधावरच्या बाभळीचे काटे बघता त्यांनी ट्यूबलेसचा आग्रह धरला, तो रास्त होता. फॅट बाइकच्या रिमला वजन कमी करण्यासाठी मोठी भोके असतात, त्यामुळे रुंद टेप नीट चिकटवण्यातच निम्मा दिवस जातो. पुढच्या खेपेस टेप आणि सीलंट (काट्याचे भोक आतून बुजवणारा द्रव) घालून दोन्ही टायर कंप्रेसरवर बसवून दिले. पावसाळ्यात काळ्या मातीत ही सायकल घालू नका, असेही सांगितले, कारण एवढ्या रुंद टायरला चिकटलेली माती फ्रेममध्ये अडकते आणि चाक फिरतच नाही. त्यावर नाना म्हणाले की पावसाळ्यात त्या वावरात तेसुद्धा पायी जात नाहीत.