इगतपुरीच्या उतारावरच्या जुन्या बाटल्या: आधी ओळखा, मग धुवा

थळ घाटातून रेल्वे वर आली ती १८६५ मध्ये. तिच्यामागून इगतपुरीत इंजिनं आली, साहेबांचे बंगले आले आणि साहेबांचा कचराही. त्या काळी कचरा गाडीत भरून कुठे जात नसे. मुदपाकखान्याच्या मागे जो उतार असेल तिथे तो लोटला जाई, आणि त्यातच आज जुन्या बाटल्या सापडतात. यंदाची भेट अशाच एका जुन्या बंगल्यामागच्या खासगी जमिनीवर होती. मालकांनी शेततळ्यासाठी खोदकाम काढलं होतं आणि त्यांची लेखी परवानगी हातात होती. परवानगीशिवाय जाऊ नका. रेल्वेच्या आणि वनखात्याच्या हद्दीत तर खुरपंही टेकवू नका.

मुंबईकरांना सोपा रस्ता म्हणजे कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप. दिवाळीनंतरचे काही आठवडे सर्वांत बरे. पावसाने वरची माती वाहून गेलेली असते, गवत वाळू लागलेलं असतं आणि जमीन अजून खुरप्याला दाद देते. मार्चनंतर तीच माती विटेसारखी होते, मग कुदळ मारावी लागते आणि बाटल्या फुटतात.

कचऱ्याचा थर रंगावरून कळतो. तांबूस मातीत मध्येच राखाडी-काळा पट्टा दिसला, त्यात जळक्या कोळशाचे खडे, चिनी मातीचे तुकडे आणि हाडं असली, की जागा बरोबर. कुदळ फक्त वरच्या थरापुरती. काच दिसताच खुरपं, आणि बाटलीच्या अंगाला लागलं की बांबूची काडी. बाटली ओढून काढू नये, चारी बाजूंनी मोकळी झाली की ती आपोआप हातात येते. कमरेपेक्षा खोल खड्ड्यात उतरू नका, कारण राखेचा थर कडेने ढासळतो. जाड चामडी हातमोजे, बंद बूट आणि पाच वर्षांच्या आत घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन या तीन गोष्टींत तडजोड नको. दगड उलटायचा तर काठीने उलटा, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. देवळालीसारख्या लष्करी भागाजवळ धातूचं काही गोल-लांबट सापडलं तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा.

आता ओळख. पहिली नजर शिवणीवर. साच्याच्या दोन भागांची रेघ मानेवरून चढत थेट ओठावरून पलीकडे गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे बहुधा विसाव्या शतकातली. बाटल्या घडवणारं ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३ चं. रेघ ओठाखाली विरली असेल तर ओठ हाताने घडवलेला. हा नियम सगळीकडे छापतात, पण आपल्याकडे तो गोटीसोड्याच्या बाटलीवर फसतो. त्या बाटलीत गोटी आत टाकल्यावरच ओठ घडवावा लागतो, त्यामुळे रेघ खाली थांबली तरी जुनेपणा सिद्ध होत नाही. शिवाय हायरम कॉडचं हे डिझाइन इंग्लंडात १८७० च्या दशकातलं असलं तरी भारतात अशा बाटल्या अगदी अलीकडेही बनल्या आहेत. कुणी गोटीची बाटली दाखवून 'व्हिक्टोरियन' म्हणालं तर आधी अक्षरं वाचा.

या उतारावर निघालेल्या एका गोटीबाटलीचं उदाहरण पाहा. हिरवट काच, अंगात तांदळाएवढे लांबट बुडबुडे, मान दोन्हीकडून चिमटलेली, ओठाच्या आतल्या खाचेत रबरी कड्याचा काळा भुगा. गोटी चिखलात रुतलेली. तळाशी 'डॅन रायलंड्स, बार्न्सले' अशी उठावाची अक्षरं. म्हणजे काच इंग्लंडातल्या यॉर्कशायरची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अशा बाटलीची मान बहुतेक वेळा फुटलेलीच मिळते, कारण गोटीसाठी पोरांनी ती फोडलेली असते. तळ गोल किंवा टोकदार असलेली बाटली गोटीवाल्या प्रकाराच्याही आधीची घडण. ती उभी राहू नये म्हणूनच तशी केली होती. आडवी राहिली की बूच ओलं राहतं आणि वायू निसटत नाही.

औषधांच्या बाटल्यांवर 'ट्रेचर' किंवा 'केम्प अँड कंपनी, बॉम्बे' या मुंबईच्या जुन्या औषधवाल्यांचं नाव दिसलं तर जपा. मुंबईच्या केम्प्स कॉर्नरला नाव मिळालं ते याच केम्पवरून. सोड्याच्या बाटल्यांत पुण्याचे अर्देशीर (१८८४) आणि मुंबईचे ड्यूक्स (१८८९) ही नावं शोधण्यासारखी. देशी काच हवी असेल तर तळेगावचा पैसा फंड कारखाना १९०८ चा आणि कऱ्हाडजवळचा ओगले काच कारखाना १९१६ चा. निळी किंवा गडद हिरवी, अंगावर उभ्या धारा असलेली बाटली म्हणजे विषाची. अंधारातही बोटांना कळावी म्हणून त्या धारा.

धुण्याची घाई बाटलीच्या मुळावर येते. जमिनीतून निघालेली थंड काच दुपारच्या उन्हात ठेवली तर तडकते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून प्लॅस्टिकच्या खोक्यात घरी आणा आणि रात्रभर सावलीत राहू द्या. मग प्लॅस्टिकच्या बादलीत खोलीच्याच तापमानाचं पाणी, ५ लिटरला चमचाभर भांड्यांचं लिक्विड, आणि दोन-तीन दिवस नुसतं भिजवणं. कागदी लेबल असेल तर भिजवू नका, कोरड्या मऊ ब्रशवर थांबा. रंगात छापलेली अक्षरं असतील तर भिजवणं आणि आम्ल दोन्ही टाळा.

आतल्या चिखलासाठी मूठभर कच्चे तांदूळ, थोडं पाणी आणि साबणाचा थेंब घालून हलक्या हाताने गोल फिरवा. वाळू वापरू नका, ती काचेपेक्षा कठीण असते आणि आतून धूसर ओरखडे काढते. तारेच्या ब्रशचं टोक तळाला घासतं, तेही नको.

पांढरा चुनखडीचा थर आणि गंजाचे तपकिरी डाग यांचा क्रम महत्त्वाचा. आधी चुना: लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, रात्रभर. बुडबुडे थांबले की स्वच्छ धुवा. त्यानंतरच गंजासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ग्रॅम, काही तास. क्रम उलटा झाला तर चुना आणि ऑक्झॅलिक मिळून न विरघळणारा पांढरा थर बसतो आणि मूळ डागापेक्षा तोच जास्त छळतो. ऑक्झॅलिक पोटात गेलं तर मूत्रपिंडाला घातक, म्हणून रबरी हातमोजे, चष्मा, उघडी जागा, आणि शेवटी द्रावणात खाण्याचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत ढवळणं. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. कॉस्टिक सोडा काचच खातो.

इतकं करूनही काचेवर तेलाच्या तवंगासारखे सात रंग राहिले तर तो मळ नाही. मातीतल्या ओलाव्याने काचेतले क्षार शोषून घेतलेले असतात आणि उरलेला पापुद्रा रंग दाखवतो. तो घासला तर पापुद्र्यासकट उठावाची अक्षरंही झिजतात. तांब्याचे तुकडे आणि सेरियम ऑक्साइड (काच घासून चकाकवायची पूड) घालून बाटली दिवसचे दिवस फिरवणारी यंत्रं मिळतात, पण पापुद्रे सुटत असलेल्या बाटलीला आणि दुर्मीळ नावाला आमच्या मते ते करू नये. रंग तसाच ठेवा.

बूच लागलेली, आत द्रव असलेली बाटली उघडू नका, हुंगू नका. विषारी आम्लं, पारा, स्ट्रिक्निन, काहीही असू शकतं. ती उभी, वेगळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. रिकाम्या बाटल्याही शोभेपुरत्याच. पाणी, सरबत भरू नका.

कायद्याचं थोडक्यात: शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून बॅगेत टाकण्याआधी हे लक्षात घ्या. जमिनीत दडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूंची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असं १८७८ चा कायदा सांगतो. शंका असेल तर बाटली हलवण्याआधी जागेवरच, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. थर आणि खोली दिसेल असा.