एक वर्षाचा अध्यक्ष

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे आपणहून कोणी सांगत बसत नाही. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कृषी केंद्र आहे, आणि बियाण्याची बॅग खांद्यावर टाकता टाकता गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भाऊ, त्या रोटरीत तुमाले भेटते काय?" सासुरवाडीचे विचारतात, सीए विचारतो, आणि जुलैत तर घरातलेही विचारतात, कारण रोटरी, म्हणजे समाजसेवा करणारा जगभरचा क्लब, त्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. आता जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे काय असतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. अर्ध्या पेरण्या झालेल्या, अर्ध्या राहिलेल्या, पावसानं दडी मारली की दुबार पेरणीची धास्ती, डीएपी खत आलं का म्हणून सकाळी शटर उघडायच्या आधी माणसं पायरीवर बसलेली, उधारीची वही फुगत चाललेली, आणि त्याच गडबडीत आमचा पदग्रहण सोहळा. ज्यांनी ही तारीख ठरवली त्यांनी जन्मात कधी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली नसणार.

लोकांना वाटतं धंद्याचे कॉन्टॅक्ट मिळत असतील. चूक नाही, सुरुवात तशीच झाली होती. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं आणखी तिघांना जमवलं, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी, एक खाणीचा इंजिनिअर. हॅरिस लहान गावात वाढलेला, मोठ्या शहरात येऊन एकटा पडलेला. आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात बसायचं म्हणून नाव रोटरी, आणि एकमेकांच्या धंद्याला हात द्यायचा हेही उघडच होतं. पण दोनेक वर्षांत हे लोक शहरात सार्वजनिक संडास पाहिजे म्हणून मागे लागले. हे मला फार आवडतं. ज्या भागात गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले तिथल्या माणसाला सेवेची ही सुरुवात समजावून सांगावी लागत नाही. माझा धंदा वाढला का म्हणाल तर नाही वाढला, उलट क्लबातल्या मित्राला उधारी मागायला जीभ उचलत नाही एवढं नुकसानच झालं.

मग भेटते काय? मला विचाराल तर, एका वर्षात पायउतार व्हायला भेटते.

हसू नका. आपल्याकडच्या संस्था आठवून पाहा. सोसायटी असो, बाजार समिती असो, पतसंस्था असो, साधं गणेश मंडळ असो, एकदा खुर्चीवर बसलेला माणूस उठतो का? नाइलाज झालाच तर मुलाला बसवतो. आमच्याकडे ३० जूनला कितीही भारी अध्यक्ष असो, त्याचं वर्ष संपलं. भारी नसला तरी संपलं, हीही सोयच आहे. आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. आमच्या क्लबात एक डॉक्टरसाहेब आहेत, तालुक्यात त्यांच्यासमोर लोक चप्पल काढून उभे राहतात, ते आमचे बऱ्याच वर्षांपूर्वीचे अध्यक्ष. दरवर्षी नेत्रशिबिरात ते नोंदणीच्या टेबलावर बसतात. तपासत नाहीत, तपासायला डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून येतात. हे नाव लिहितात, गाव लिहितात, आणि प्रत्येक म्हातारीला विचारतात, "सोबत कोण आहे?" कोणी नसेल तर बाजूला बसवतात आणि शेजारच्या गावच्या माणसाशी तिची जोडी लावून देतात. त्यांना हे काम कोणी नेमून दिलेलं नाही, आणि त्यांना उठवायची कोणाची हिंमतही नाही.

दुकानात माझं ऐकणारी पोरं आहेत, पगार देतो, सांगितलं की पोतं हलतं. क्लबात तसं कोणी कोणाचं ऐकायला बांधील नाही. अध्यक्षाला ना कोणाचा पगार कापता येत, ना कोणाला काढता येत, सगळे आपापल्या घरचे मालक. मी अध्यक्ष झालो तेव्हा याच डॉक्टरसाहेबांनी सांगितलं होतं, "ग्रुपवर टाकू नको, फोन कर." व्हॉट्सअॅपवर 'उद्या शिबिर आहे, सर्वांनी यावे' टाकलं की वीस अंगठे येतात आणि सकाळी चार माणसं. फोन करून एखाद्याला म्हणा की तू पावणेसातला बसस्टँडवर चहाचे दोन थर्मास घेऊन उभा राहा, दिग्रसकडून येणाऱ्या गाडीतून आपले पेशंट उतरतील, त्यांना रिक्षात बसव, तर तो माणूस साडेसहालाच उभा असतो. माणसाला काम पाहिजे असतं, आवाहन नाही. लीडरशिपवरची नागपुरातली ट्रेनिंग मी केली, पीपीटी पाहिल्या, जेवण चांगलं होतं, पण त्यात हे नव्हतं.

शिबिराचं खरं काम तर नंतर सुरू होतं. कापसाची वेचणी आटोपत आली की आम्ही ठेवतो, त्याआधी कोणी येत नाही, घरातली म्हातारीसुद्धा वेचायला जाते. मोतीबिंदू पिकलेला दिसतो पण शुगर वाढलेली निघते, बीपी चढलेलं असतं, मग डॉक्टर परत पाठवतात. तो माणूस भाडं खर्चून आलेला, उपाशी, त्याला वाटतं मला हाकलून दिलं. अशांची वेगळी यादी करून पंधरा दिवसांनी फोन करायचे, गोळ्या सुरू केल्या का विचारायचं, पुढच्या खेपेच्या गाडीत बसवायचं, हे काम बॅनरवर येत नाही. ऑपरेशन झालेल्यांचे काळे चष्मे घातलेले फोटो तेवढे पेपरात येतात.

फेलोशिपचं म्हणाल तर आमच्याकडे मीटिंगनंतरच्या जेवणालाच फेलोशिप म्हणतात. भाजी-पोळी, कढी, थंडीत वांग्याचं भरीत, आणि त्यावरून होणाऱ्या शिव्या. पण एक सांगतो. गावात माझ्या दुकानासमोरच दुसरं कृषी केंद्र आहे, त्याचा मालकही क्लबात. आमच्यात पूर्वी गिऱ्हाईक ओढण्यावरून बोलणं बंद होतं. माझ्या वर्षात तो सेक्रेटरी होता. दोघांनाही जुलैत काउंटर सोडता येत नाही, म्हणून क्लबचं काम रात्री दुकान बंद केल्यावर त्याच्या किंवा माझ्या गोदामात, खताच्या पोत्यांवर बसून. आजही भावावरून आम्ही भांडतो, पण युरिया संपला तर तो म्हणतो, समोरून घ्या, माझं नाव सांगा. लोकांना हे विचित्र वाटतं.

आता आभार. यावर मला जरा तोंड उघडायचंच आहे. आपल्याकडे शाल-श्रीफळाचा सोस भयंकर. दोन तासांच्या कार्यक्रमात सव्वा तास मंचावरच्यांचं स्वागत, बुके, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम ते मागे चटईवर उकाड्यात. वर पिनांची हौस. हजार डॉलर रोटरीच्या फाउंडेशनला दिले की पॉल हॅरिस फेलो म्हणतात, कोटाला पिन लागते. पैसा चांगल्या कामाला जातो हे मान्य, पण काही जण पिन लावून शिबिरात फिरतात तेव्हा मला कसंतरी होतं.

पोलिओचं घ्या. रोटरीनं १९८५ ला पोलिओ संपवायची पोलिओप्लस मोहीम जगभर सुरू केली, आणि हे रोटरीचं सगळ्यात मोठं काम यात वाद नाही. भारतात शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ ला सापडला, पश्चिम बंगालमध्ये हावड्याला, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासकट आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. आम्ही दरवर्षी छाती फुगवून सांगतो. पण आमच्या तालुक्यात आम्ही काय केलं? बॅनर लावले, बूथवर चहा-नाश्ता दिला, गाड्या दिल्या. तांड्यावर, पारध्यांच्या बेड्यावर, विटाभट्टीवर जाऊन डाव्या करंगळीवर शाई नसलेलं पोर शोधून काढलं ते अंगणवाडीच्या बाईनं आणि आशाताईनं. विटाभट्टीवरचं कुटुंब आज इथं, पुढच्या महिन्यात आदिलाबादकडे, त्यांची पोरं तिला तोंडपाठ. तिला आभाराची शाल कोणी घातली? आता आमच्या क्लबात वर्षातून एक कार्यक्रम त्यांच्यासाठी ठेवतात, त्यात भाषण फक्त त्यांनीच करायचं. मागे एक ताई उभी राहिली आणि म्हणाली, "सत्कार राहू द्या जी, उन्हात फिराले छत्री द्या." दिल्या.

आणि पेशंटनं आपले आभार मानावेत ही अपेक्षा तर पहिल्याच वर्षी सोडून द्यावी. ऑपरेशननंतर गावी सोडायला गेलो तेव्हा एका आजीनं मला बसवून घेतलं, नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "तुमच्या दवाखान्यातल्या भाजीत तेल नव्हतं, बाप्पा." म्हटलं सांगतो.

बायकांबद्दलही लोक विचारतात, तर १९८९ पर्यंत रोटरीत बायकांना मेंबर होता येत नव्हतं, चौऱ्याऐंशी वर्षं. लाजच आहे. जागतिक अध्यक्षपदी पहिली बाई यायला २०२२ उजाडलं. आमच्याकडेही बरीच वर्षं बायका म्हणजे मेंबरांच्या मिसेस, स्वागताची ताटं धरायला. सध्या अध्यक्ष एका शाळेतल्या मॅडम आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. काल त्यांचा फोन आला, ग्रुपवर मेसेज नाही, फोन. "काका, परत पाठवलेल्या पेशंटच्या यादीत नातेवाइकांचे मोबाइल नंबर पाहिजेत, उद्या दुपारपर्यंत." मी म्हटलं, हो मॅडम. दुकानात गर्दी होती, तरी बसलोय नंबर लिहीत.