तिकडे साधा ताप आला तर डॉक्टर किती घेतात?

पुण्याला गेले की मावशीपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत कुणी ना कुणी हे विचारतंच. मी अमेरिकेत, न्यू जर्सीत एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काम करते, त्यामुळे आकडा मला तरी सांगता यावा ही अपेक्षा रास्तच. पण खरं सांगायचं तर तपासून घरी जाईपर्यंत तो पेशंटला ठाऊक नसतो, डॉक्टरांना नसतो आणि बरेचदा आमच्या काउंटरवरच्या मुलीलाही नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

डॉक्टरांचं तपासून झालं की त्या भेटीला एक कोड लागतो. नेहमीचा पेशंट, साधी तक्रार, म्हणजे बहुतेक वेळा ९९२१३. या कोडपुढे आमचा छापील दर असतो, समजा २५० डॉलर. तुळशीबागेत पहिल्यांदा सांगतात तो भाव असतो ना, तसा. घासाघीस विमा कंपनीने आमच्याशी आधीच करून ठेवलेली असते. तिचा ठरलेला दर समजा ११०. वरचे १४० आम्ही सोडून देतो. शेजारच्या खोलीतल्या पेशंटचा विमा दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच डॉक्टरांच्या त्याच दहा मिनिटांचे ९० होतात.

आता ते ११० कुणी द्यायचे? वर्षाचा डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी पेशंटने स्वतः भरायची रक्कम, अजून भरून झाला नसेल तर सगळे पेशंटने. झाला असेल तर काही टक्के. काही पॉलिसींत नुसता कोपे, म्हणजे दर भेटीची ठरावीक रक्कम. मग काही दिवसांनी घरी कंपनीचा कागद येतो. त्यात हे सगळे रकाने असतात आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे बिल नाही. बिल मागाहून येतं. आमच्याकडे येणारे अर्धे फोन तो कागद हातात धरूनच केलेले असतात, आणि सूर चढलेला असतो. मला त्यांचा राग येत नाही.

ज्याच्याकडे विमाच नाही त्याच्यासमोर मात्र तो छापील दर येऊन उभा राहतो. २०२२ पासून अशा पेशंटला आधी वेळ ठरवून केलेल्या तपासणीचा लेखी अंदाज आधी द्यावा लागतो, एवढी सुधारणा झाली. मागितलं तर सवलतही मिळते बऱ्याच ठिकाणी. पण मागायची असते हे आधी माहीत हवं!

यावर मावशीचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग सरकार काय करतं? करतं की. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. उरलेल्यांपैकी बहुतेकांचा विमा नोकरीतून येतो, आणि हे कुणी विचारपूर्वक ठरवलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढीला लगाम घातला, विमा त्यातून सुटला. कंपन्या माणसं टिकवायला विमा देऊ लागल्या आणि १९५४ च्या करकायद्याने त्यावरची सूट पक्की केली. म्हणून आजही नोकरी गेली की विमा जातो. 'कोब्रा' कायद्याखाली तो साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा हिस्साही आपणच भरायचा, तोही पगार थांबलेला असताना. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे.

आता तुमच्यापैकी जे मुलांकडे सहा महिने राहायला येणार आहात त्यांच्यासाठी. आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, हा ओबामांच्या कायद्यातला नियम प्रवासी विम्याला लागू होत नाही. शुगर, बीपी असेल तर पॉलिसीतलं ते कलम आधी वाचा. औषधं पुरेशी आणा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. ताप-खोकल्याला अर्जंट केअरमध्ये, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय बघणाऱ्या दवाखान्यात जा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नको. इमर्जन्सीतला आकडा कितीतरी पट असतो. छातीत दुखलं तर मात्र पैशांचा विचार न करता ९११ या तातडीच्या नंबरवर फोन. इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळपास सगळ्याच हॉस्पिटलांना १९८६ च्या कायद्याने आधी तपासावं लागतं आणि प्रकृती स्थिर करावी लागते, पैशांचं नंतर. बिल आलं की लगेच भरू नका. बाबवार बिल मागा, आणि हॉस्पिटल ना-नफा असेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. तो ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे.