मेडिकलला अनफिट, आणि परत कॉकपिटपर्यंत

2023 च्या मार्चमध्ये वैमानिकाला लागणाऱ्या क्लास वन मेडिकलच्या नूतनीकरणाला गेलो, तेव्हा मला कुठेच काही दुखत नव्हतं. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी प्रोब डाव्या कुशीवर फिरवला, पुढे नेला, पुन्हा तिथेच आणला आणि विचारलं, "पाणी कमी पिता का?" डाव्या मूत्रपिंडात 7 मिलिमीटरचा खडा होता. संध्याकाळी कागदावर शेरा आला: तात्पुरता अनफिट.

दुखत नाही तर विमान चालवू का देत नाहीत, असं घरी प्रत्येकानं विचारलं. खडा जागच्या जागी गप्प असतो तोवर काही होत नाही. पण तो नळीत उतरला की अशी कळ येते की धडधाकट माणूस दुमडून जातो. ती कळ लँडिंगच्या वेळी आली तर? नियम बरोबरच आहे. मला राग नियमाचा आला नाही, पाण्याच्या बाबतीत मी इतकी वर्षं जे करत होतो त्याचा आला.

मी एटीआर 72 या पंख्याच्या (टर्बोप्रॉप) प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. या विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, नसतो. जमिनीवर असताना उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि तेच इंजिन वीज आणि हवा पुरवतं. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. तरी एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कॉकपिटमध्ये घामाच्या धारा लागतात. दिवसाला चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं, मधे जेमतेम अर्धा तास. उडताना बाथरूमला जायचं तर केबिन क्रूला आत बोलवावं लागतं. म्हणून मग पाणीच कमी प्यायचं. ही सवय मला एकट्याला नाही. बरोबरच्या कितीतरी जणांना आहे, आणि प्रत्येकाला ती साधी गोष्ट वाटते.

गावी, परुळ्याला आलो. आईनं पहिल्याच दिवशी कुळथाची पिठी केली. "खा रोज, खडो विरघळतलो." कोल्हापूरच्या डॉक्टरांना ते सांगितलं तर म्हणाले, खुशाल खा, पण या मापाचा खडा त्यानं जाणार नाही. दुर्बिणीतून लेझरनं फोडून घेतला. आत बसवलेली स्टेंटची नळी दोन आठवड्यांनी काढली. त्यानंतर सीटी स्कॅन करून एक कणही शिल्लक नाही याची खात्री करायची होती, कारण फिट ठरायला तोच कागद लागणार होता. हा भाग लिहायला सोपा आहे. जड होते ते पैशाचे आणि सिनिऑरिटीचे दिवस.

पगारातला मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर असतो. तास शून्य, म्हणजे तो भागही शून्य. लायसन्ससाठी काढलेल्या कर्जाला आमची कलमांची बाग तारण आहे आणि हप्ता काही थांबत नाही. लॉस ऑफ लायसन्सचा विमा होता, पण तात्पुरत्या अनफिटचे पैसे कधीपासून मिळतात ते मी कधी वाचलंच नव्हतं. वाचलं तेव्हा कळलं, पहिले 90 दिवस काहीच नाही. नोकरीत नवीन असणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पॉलिसीचं ते पान आजच उघडून वाचा. आणि जूनमध्ये कमांडची, म्हणजे कॅप्टन होण्याच्या प्रशिक्षणाची, बॅच होती. माझे 2,400 तास झाले होते, कॅप्टन व्हायला लागणारं लायसन्स, एटीपीएल, हातात होतं. बॅच माझ्याशिवाय गेली. माझ्यानंतर लागलेले दोघं त्यात होते. त्यांचं मनापासून अभिनंदन केलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

चिपीचा विमानतळ आमच्या घरापासून जवळ. त्या सड्यावर एटीआर उतरायचं तेव्हा आवाज थेट पडवीत यायचा. पॉवर कमी केली की पंख्याचा सूर बदलतो. तो ऐकला की माझा पाय आपोआप हलायचा. टर्बोप्रॉपला पॉवर बदलली की नाक बाजूला जातं, ते रडरनं, म्हणजे पायानं चालवायच्या शेपटीवरच्या सुकाणूनं, धरावं लागतं. मग मी पडवीच्या भिंतीवर कॉकपिटचं मोठं पोस्टर लावलं, समोर खुर्ची घेतली आणि रोज तासभर बसू लागलो. आईला सांगितलं, तुला वाटेल तेव्हा ओरड. ती विळीवर खोबरं खवत बसायची आणि मधेच, "डावा इंजिन गेला!" की मी क्रम म्हणायचो: दिशा धर, व्हीआरला (नाक उचलायच्या वेगाला) रोटेट, पॉझिटिव्ह रेट (विमान चढतंय), गिअर अप (चाकं आत), अपट्रिम (चालू इंजिनाची वाढीव पॉवर) झालं का, ऑटोफेदर (बंद इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याला कडेनं वळणं) झालं का. हे इतकं पक्कं झालं की शेवटी शेवटी आईच मला गिअरची आठवण करून द्यायची.

जुलैमध्ये बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये पुन्हा तपासणी झाली. रिपोर्टची फाइल तारखेनुसार लावून नेली होती: पहिली सोनोग्राफी, ऑपरेशनचा कागद, खड्याचं पृथक्करण, शेवटचा सीटी. एकही कागद परत मागावा लागला नाही. फिट झालो.

पण 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग नसतील तर थेट प्रवासी घेऊन उडता येत नाही. म्हणून हैदराबादला सिम्युलेटर. पहिल्याच टेकऑफला व्ही वनवर, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही तिथे, इन्स्ट्रक्टरनी डावं इंजिन बंद पाडलं. तोंडातून सगळं बरोबर आलं, एक शब्द चुकला नाही. आणि विमान धावपट्टीच्या मध्यरेषेपासून डावीकडे निघालं. उजवा पाय उशिरा गेला, मग जास्त गेला. खुर्चीत बसून क्रम पक्का राहतो, पण रडरचा दाब पोस्टरवर नसतो. तो पायातून चार महिन्यांत गेला होता. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "नजर धावपट्टीच्या टोकाला ठेव. आकडे नंतर." पाचव्या वेळी मध्यरेषा पायाखाली राहिली. मग ऑटोपायलट नाही, विमान कुठे वळवायचं ते दाखवणारा फ्लाइट डायरेक्टरही नाही, नुसत्या काट्यांवर आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांवरून धावपट्टीकडे उतरणं. पहिला हेलकावे खात, तिसरा सरळ. दोन दिवसांत एवढं हातानं उडवलं, तेवढं आधीच्या वर्षभरात उडवलं नव्हतं, हे तिथे कळलं. म्हणजे आजारपणाच्या आधीच हात सुटत चालला होता.

लाइनवर, म्हणजे नेहमीच्या प्रवासी उड्डाणांवर, परतलो तेव्हा पाऊस होता. पावसाळी हवामानात टेकऑफ-लँडिंग कॅप्टनच करतात, मी रेडिओ आणि चेकलिस्ट सांभाळली. बॅगेत लिटरच्या दोन बाटल्या, आणि गरज पडली की सरळ केबिन क्रूला बोलावतो. हवा चांगली असेल त्या दिवशी ब्रीफिंगमध्येच कॅप्टनना विचारतो, ऑटोपायलट लवकर काढू का? बहुतेक जण हो म्हणतात.

ऑक्टोबरात, आकाश मोकळं झाल्यावर, कॅप्टन म्हणाले, "लँडिंग तुझं." वारा डावीकडून होता. नाक वाऱ्याकडे ठेवून आलो, शेवटच्या काही फुटांवर उजव्या पायानं ते धावपट्टीच्या रेषेत आणलं, डावा पंख किंचित खाली. आधी डावं चाक टेकलं, मग उजवं.